मधुमेह आणि वनौषधी: वाचकांचे प्रश्न व त्यांची उत्तरे

मधुमेहाविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी मेथी, कारले, जांभूळ, गुडमार अशा वनस्पतींबद्दलची विचारणा सर्वाधिक होती. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून पत्रांतील मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : माझे वय 52 वर्षे आहे. चार वर्षांपासून मी मेटफॉर्मिनची गोळी दिवसातून दोनदा घेते. मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 7.8 आली. मैत्रिणींच्या सांगण्यावरून मी रात्री भिजवलेल्या मेथीचे पाणी, सकाळी अनशापोटी कारले-दुधीचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण आणि दालचिनी असे सर्व एकदम सुरू केले आहे. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितलेले नाही. यांतले खरोखर उपयोगी काय आहे आणि गोळी बंद करता येईल का? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : सर्वांत आधी कारले-दुधीच्या रसाविषयी लिहितो, कारण त्यातील धोका तातडीचा आहे. दुधीच्या कुळातील वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू आणि विषारी द्रव्ये असतात. आपण नेहमी खातो त्या दुधीत ती नगण्य असली, तरी एखादे फळ कडू निघते आणि त्याचा रस प्यायल्यास काही वेळातच मळमळ, जुलाब, प्रसंगी रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो. 2010 मध्ये दिल्लीत एका मधुमेही शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सूचना दिल्या: रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड चाखून पाहावी, ती कडू लागली तर तो दुधी टाकून द्यावा, दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये आणि प्यायल्यावर अस्वस्थ वाटल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. आपण दुधीबरोबर कारले घालता, तेव्हा दुधी कडू असल्याची खूण पटवणारी चवच कारल्याच्या कडूपणात हरवून जाते. म्हणून हे मिश्रण आजपासूनच बंद करावे. कारल्याची आणि दुधीची भाजी मात्र खुशाल खावी. फक्त दुधी चिरताना तो चाखण्याची सवय ठेवावी.

कारल्यात साखर कमी करणारे काही घटक आहेत, हे खरे आहे. थायलंडमध्ये झालेल्या चार आठवड्यांच्या एका चाचणीत रोज 2000 मिलिग्रॅम वाळलेले कारले घेणाऱ्यांची साखर थोडी उतरली; परंतु ती 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिनने उतरली त्यापेक्षा कमी होती. अशा निरनिराळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने 2012 मध्ये घेतला, तेव्हा कारल्याची शिफारस करावी इतका पुरावा मिळाला नाही.

आपल्या यादीतील चार पदार्थांपैकी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते ती मेथी. मेथीदाण्यात पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा तंतू भरपूर असतो आणि तो आतड्यात अन्नातील साखरेचे शोषण मंदावतो, त्यामुळे तिचा उपयोग मुख्यतः जेवणानंतरची साखर आवरण्यासाठी होतो. मात्र प्रमाण पाहावे लागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत 1990 च्या सुमारास झालेल्या अभ्यासांमध्ये दिवसाला 25 ग्रॅमपासून 100 ग्रॅमपर्यंत मेथी पूड करून आहारात दिली होती, तर आपल्या घरातील एका चमच्यात जेमतेम चार-पाच ग्रॅम मेथी मावते. शिवाय बराचसा तंतू दाण्यातच राहतो, त्यामुळे दाणे टाकून नुसते पाणी पिण्याने फारसे काही साधत नाही. भिजवलेले दाणे चावून खावेत किंवा त्यांची पूड भाकरीच्या पिठात, ताकात किंवा आमटीत घालावी. सुरुवात एका चमच्यापासून करावी, कारण एकदम जास्त घेतल्यास पोट फुगते आणि जुलाब होतात. मेथी आणि गोळ्या यांच्यात तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीचीही असू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथीचे प्रमाण वाढवू नये.

जांभळाच्या बियांवरचे बरेचसे काम प्राण्यांवर झालेले आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेही रुग्णांना देऊन पाहण्यात आला, तेव्हा त्याचा साखरेवर काहीही परिणाम दिसला नाही. तो अभ्यास पानांचा होता, बियांचा नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. दालचिनीबाबत प्रश्न वेगळा आहे. बाजारात स्वस्त मिळणारी जाड, एकाच पदराची साल बहुतेक वेळा कॅसिया जातीची असते आणि तिच्यात यकृताला अपाय करू शकणारे कूमरिन पुष्कळ असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कूमरिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम ठरवली आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत ती कॅसियाच्या एका लहान चमच्यातच ओलांडली जाऊ शकते. श्रीलंकेची किंवा आपल्या कोकणात लावली जाणारी खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची आणि बोटांनी सहज चुरडणारी असते व तिच्यात कूमरिन अत्यल्प असते. मसाल्यात पडते तेवढी कोणतीही दालचिनी चालेल. चमच्याने पूड खाण्याचे मात्र थांबवावे.

आता गोळीविषयी. मेटफॉर्मिनचे मूळही एका वनस्पतीतच आहे. युरोपात गालेगा नावाची एक वनस्पती पूर्वापार औषधात वापरली जात असे. तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे या वर्गातील औषधे तयार झाली आणि 1957 मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहातील उपयोग प्रसिद्ध केला. तेव्हापासून कोट्यवधी लोकांनी ही गोळी घेतली आहे, तिची मात्रा ठरलेली आहे आणि तिचे दोषही माहीत आहेत. 1998 मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या रुग्णांमध्ये तिच्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले. एचबीएवनसी 7.8 असताना उपचार वाढवण्याचा विचार करायचा असतो, गोळी बंद करण्याचा नव्हे.

आपल्याला वनस्पती वापरून पाहायचीच असेल, तर माझी त्याला हरकत नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन साखर कमी करण्यासाठी वनस्पतींची शिफारस करत नाही, हे मला माहीत आहे. परंतु आपल्याकडे या वस्तू स्वयंपाकघरातच असतात आणि मनाई केली की लोक त्या लपवून घेतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून एका वेळी एकच वनस्पती घ्यावी. तिचे प्रमाण रोज सारखे ठेवावे, त्या काळात गोळ्या, जेवण आणि चालणे यांत बदल करू नये. सुरुवातीला एचबीएवनसी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) यांची तपासणी करून बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी. मधल्या काळात उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ठेवावी. बारा आठवड्यांत फरक दिसला नाही तर ती वनस्पती सोडून द्यावी. आपल्या अंगात रक्त कमी असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते.

डॉक्टरांपुढे ही वही उघडून ठेवावी आणि आपण काय घेत आहात ते सांगावे. ते रागावले तरी सांगावे; कारण न सांगितल्यास ते गोळीची पुढची मात्रा अपुऱ्या माहितीवर ठरवतील. एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे आधीच कळले पाहिजे, कारण अशी पूरक औषधे साधारणपणे दोन आठवडे अगोदर थांबवावी लागतात.

प्रश्न : माझे वडील 68 वर्षांचे आहेत. त्यांना ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत. आठवडी बाजारातील एका विक्रेत्याकडून त्यांनी ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असे सांगून विकलेले चूर्ण आणले. त्याच्या पिशवीवर काहीही छापलेले नाही. आठ दिवसांत उपाशीपोटीची साखर 190 वरून 90 वर आली, त्यामुळे ते फार खूश झाले. परंतु परवा पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते असंबद्ध बोलू लागले. साखरपाणी दिल्यावर बरे वाटले. चूर्ण चालू ठेवावे का? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : चूर्ण लगेच बंद करावे, पण पिशवी फेकू नये. आपल्या वडिलांच्या ग्लिमेपिराइडची मात्रा आता किती ठेवायची, हे त्यांच्या डॉक्टरांना आजच भेटून ठरवून घ्यावे. ती मात्रा स्वतःहून बदलू नये.

पहाटे झाला तो साखर एकदम उतरण्याचा प्रकार होता, असे वर्णनावरून दिसते. ग्लिमेपिराइड ज्या वर्गातील औषध आहे, त्या वर्गातील गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवून घेतात आणि पोटात अन्न असो वा नसो, त्यांचे काम चालूच राहते. कोणत्याही पानामुळे किंवा बीमुळे आठ दिवसांत साखर शंभराने उतरणे हे मला आनंदापेक्षा काळजीचे लक्षण वाटते. अशा वेळी पहिली शंका हीच घ्यावी लागते की चूर्णात त्याच वर्गातील गोळी कुटून घातलेली असावी. हे प्रकार जगभर उघडकीला आलेले आहेत. 2008 मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले 150 लोक साखर उतरल्यामुळे रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. लैंगिक शक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अवैध उत्पादनांमध्ये ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध मिसळलेले आढळले होते. आपल्या वडिलांच्या बाबतीत तसे असेल, तर त्यांच्या पोटात एकाच जातीची दोन औषधे जात होती आणि त्यांतील दुसऱ्याची मात्रा कोणालाच माहीत नव्हती. खात्री मात्र प्रयोगशाळेतील तपासणीनेच होईल. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय असते. तेथे औषध विभागाकडे पिशवीसह लेखी तक्रार द्यावी. आपल्या तक्रारीमुळे त्या बाजारातील इतर खरेदीदारांचाही जीव वाचू शकतो, म्हणून हा त्रास अवश्य घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

असा प्रसंग पुन्हा आला तर ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती 70 पेक्षा कमी असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर पाहावी आणि सुधारणा नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर पोळी, भाकरी किंवा दूध द्यावे. घरात ग्लुकोमीटर नसेल, तर लक्षणांवरूनच साखर द्यावी, वाट पाहू नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला कुशीवर वळवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या वर्गातील गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तेव्हा. म्हणून गोंधळलेल्या अवस्थेतील वृद्ध रुग्ण साखरपाण्याने शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात दाखवणे आवश्यक असते.

यापुढे काही विकत घेताना वेष्टन वाचावे. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत असते. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो आणि ते उत्पादन औषधी वापरासाठी नाही, असे छापणे बंधनकारक आहे. तेच दुकानदार औषध म्हणून सांगत असेल, तर तेथेच थांबावे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे.

प्रश्न : माझ्या 11 वर्षांच्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. एका ठिकाणच्या काढ्याने इन्सुलिन सुटते, असे सासरचे सर्वजण सांगतात आणि मी मुलाला उगाच सुया टोचते म्हणून मला बोल लावतात. एक महिना काढा देऊन पाहावा का? (एक आई, लातूर)

उत्तर : नाही. एक महिना तर नाहीच, एक दिवसही इन्सुलिन थांबवू नये. टाइप 1 मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेलेल्या असतात आणि त्या परत आणणारी वनस्पती आजवर कोणालाही सापडलेली नाही. इन्सुलिन नसेल तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साठतात, पोटात दुखणे, उलट्या, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास अशी लक्षणे दिसतात आणि मूल एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकते. 1922 च्या जानेवारीत टोरोंटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्यापूर्वी हा आजार झालेली मुले जगत नसत.

निदान झाल्यानंतर काही मुलांची इन्सुलिनची गरज काही आठवडे किंवा महिने आपोआप कमी होते. नेमक्या त्याच काळात काढा चालू असेल, तर श्रेय काढ्याला जाते आणि अशीच उदाहरणे गावोगावी सांगितली जातात. ही गरज पुढे पुन्हा वाढते. आपण मुलाला देत आहात ते जीवनदान आहे. पुढच्या तपासणीला मुलाच्या आजी-आजोबांनाही बरोबर न्यावे आणि डॉक्टरांना हेच त्यांच्यासमोर सांगायची विनंती करावी. घरातील वडीलधाऱ्यांना सुनेने सांगितलेले पटत नाही ते पुष्कळदा तेथे पटते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सी येथे असते. तिला सातवा महिना चालू आहे आणि गरोदरपणातील मधुमेह निघाला आहे. मी बाळंतपणासाठी जाणार आहे. तिच्यासाठी मेथी आणि येथील ओळखीच्या दुकानातील भस्मयुक्त गोळ्या नेऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भस्मयुक्त गोळ्या कृपया नेऊ नका. प्रमेहावर दिल्या जाणाऱ्या त्रिवंग भस्मात नाग, वंग आणि यशद असतात; यांतील नाग म्हणजे शिसे. शिसे आईच्या रक्तातून वारेमार्फत बाळापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. अमेरिकेतील डॉक्टर याबाबत सावध असतात, त्याला कारणही आहे. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, तर 2012 मध्ये न्यूयॉर्क शहरातील सहा गरोदर स्त्रियांना अशा औषधांतून शिशाची बाधा झाल्याचे तेथील सरकारी आरोग्य यंत्रणेने नोंदवले. भस्म शास्त्रोक्त पद्धतीने केलेले आहे, असे दुकानदार सांगेल. परंतु पोटातील बाळाच्या बाबतीत त्या शब्दावर मी विसंबणार नाही आणि आपणही विसंबू नये.

मेथीची भाजी आणि फोडणीतील दाणे चालतील. चमचे-चमचे पूड किंवा मेथीच्या कॅप्सूल गरोदरपणात घेऊ नयेत. तिच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले तर ते घेण्यास तिला धीर द्यावा, कारण ते बाळासाठी सुरक्षित आहे. बाळंतपणानंतर आपण डिंकाचे आणि मेथीचे लाडू करालच. ते करताना गूळ आणि तूप हात राखून घालावे. बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन करायची तपासणी तिने चुकवू नये. बाळाच्या गडबडीत हीच तपासणी सर्वाधिक राहून जाते.

प्रश्न : मी बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पितो. आता शेजाऱ्यांनी गुडमार आणि कुंडीतील ‘इन्सुलिनच्या झाडाची’ पाने सुचवली आहेत. साखर औषधाशिवाय 150 च्या आसपास असते. हे उपाय पुरेसे आहेत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बिबळा, म्हणजेच विजयसार किंवा असाणा, याच्यावर आपल्या देशात झालेले काम दखल घेण्याजोगे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्याने निदान झालेल्या 97 रुग्णांना रोज 2 ते 4 ग्रॅम विजयसार देऊन पाहिले आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार बारा आठवड्यांत त्यांपैकी 67 जणांची साखर आटोक्यात आली. परंतु या अभ्यासात तुलनेसाठी औषध न दिलेला दुसरा गट नव्हता. नुकतेच निदान झालेला माणूस गोड सोडतो, चालू लागतो, आणि त्यानेही साखर उतरते. म्हणून यश नेमके किती कशाचे, हे त्यातून सांगता येत नाही. आपल्या पेल्याची अडचण आणखी वेगळी आहे. नव्या पेल्यात ठेवलेले पाणी सकाळपर्यंत चहासारखे तांबूस होते आणि उजेडात धरले तर त्यात निळसर झाक दिसते; पण दिवस जातील तसा हा रंग फिका पडत जातो, म्हणजे लाकडातून उतरणारे द्रव्यही कमी होत जाते. आज पोटात किती गेले आणि महिन्यापूर्वी किती गेले होते, हे कळण्याचा मार्ग नाही. पेला वापरायचा असल्यास तो रोज पूर्ण वाळवावा, नाहीतर आपल्या दमट हवेत त्याला बुरशी धरते.

गुडमारचे पान चावून जिभेवर साखर ठेवली तर ती वाळूसारखी बेचव लागते, आणि हा परिणाम काही वेळ टिकतो. गोड खाण्याची ओढ आवरण्यासाठी काहींना त्याचा उपयोग होतो. साखरेवरील परिणामाविषयी 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईतील एका अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात 22 रुग्णांना गोळ्यांच्या जोडीला रोज 400 मिलिग्रॅम अर्क 18 ते 20 महिने दिला होता आणि पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. हा अभ्यास आशादायक आहे, पण लहान आहे. इन्सुलिनच्या झाडाच्या पानात इन्सुलिन नसते. असते तरी ते प्रथिन असल्यामुळे पोटात पचून गेले असते. म्हणूनच तर इन्सुलिन टोचून घ्यावे लागते.

आपण 150 हा आकडा उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, हे लिहिलेले नाही आणि माझे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. जेवणानंतर दोन तासांनी 150 असेल, तर आपले बरे चालले आहे. पेला चालू ठेवण्यास हरकत नाही, मात्र दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पाहावी. उपाशीपोटी 150 असेल, तर केवळ पेल्यावर भागणार नाही आणि औषध सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे लागेल. दोन्ही परिस्थितींत या महिन्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडाला इजा झाली असल्यास लघवीत उतरणारे प्रथिन) आणि तळपायांची संवेदना एवढे तपासून घ्यावे. शेजाऱ्यांनी सुचवलेली पाने सध्या घेऊ नयेत. ती सुरू केल्यास नंतर साखर बदलली तर ती कशाने बदलली, हे आपल्याला कळणार नाही.